घरटी एक टोपली

खारभाटच्या चर्चपासून खाडी पन्नास पावलांवर आहे. उधाणाच्या भरतीला मागच्या कुंपणापर्यंत पाणी येते आणि पलीकडे नजर पोचेल तिथवर मिठागरे पसरलेली आहेत. अशा जागी, चर्चच्या उजव्या अंगाला, दगडी क्रुसाच्या पायथ्याशी एक विहीर आहे. खोली जेमतेम बारा हात. उन्हाळ्यात काठावरून वाकून पाहिले तर तळाचा लाल मुरूम सारवलेल्या अंगणासारखा दिसतो. पाणी गोड आहे. पिण्याजोगे आहे म्हणून गोड म्हणत नाही. खरोखरच गोड आहे.

गावाच्या शिवेवर उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींनी तीन-तीनशे फूट बोअर मारले. त्यांना खारे पाणी लागले आणि आता त्यांच्या फाटकांपुढे टँकर उभे असतात. बारा हातांच्या विहिरीत गोडे पाणी आणि तीनशे फुटांवर मीठ, हे पाहून दर मे महिन्यात कुणीतरी कॅमेरा घेऊन येतो आणि ‘चमत्कारी विहीर’ असा मथळा देऊन जातो. मी या बातमीदारीच्या धंद्यात बत्तीस वर्षे काढली आहेत, म्हणून आमच्याच जातभाईंबद्दल बोलतो. ही मंडळी तासभर थांबतात, पाणी पितात, फोटो काढतात आणि गावाला न विचारता गावाची गोष्ट छापतात. एकाने तर विहीर परदेशी पाद्रींनी बांधली असे ठोकून दिले. का, तर ती चर्चच्या आवारात आहे! इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या याच मातीत केळी आणि पानवेली लावत आली, याच मराठीत भांडत आली आणि याच मराठीत प्रार्थना करत आली. पण त्यांनी स्वतःच्या हाताने एखादी विहीर राखली असेल, हे या लोकांच्या डोक्यात येत नाही.

गोष्ट ऐकायची तर एलियासमामा मच्याडो यांच्याकडून ऐकावी. वय ब्याऐंशी. गावच्या शाळेत मुख्याध्यापक होते. पाहुणे आले की ते त्यांना क्रुसाच्या चौथऱ्यावर बसवतात आणि आधी दम देतात.

“चमत्कार लिहू नका,” ते म्हणतात. “टोपल्या लिहा.”

मग सांगू लागतात.

फार पूर्वी, चर्चवर कौलांऐवजी झावळ्या होत्या त्या काळात, खारभाटात बस्त्याव रुमाव नावाचा माणूस राहत होता. असे सांगतात, की दोन गडी मिळून जे ओझे उचलत ते तो एकटा उचलून वर गाणे म्हणत चाले. चौथऱ्यावरचा हा दगडी क्रूस पडावातून उतरवून त्याने एकट्याने खांद्यावरून आणला, असेही म्हणतात. घर त्याने एकट्याने बांधले. वाडीतली विहीर एकट्याने खणली. गावात तेव्हा सावडीची रीत होती. आज तुझ्या घराचे छप्पर मी शाकारतो, उद्या माझ्या घराचे तू. बस्त्याव कुणाची सावड घेत नसे आणि कुणाला देतही नसे. शेजारच्या दुमिंग परेराचे छप्पर वादळात उडाले, तेव्हा सारा गाव शिडीवर चढला होता आणि बस्त्याव आपल्या ओट्यावर बसून पहार परजत होता. दुमिंगने हाक मारली तर म्हणाला, “मी कुणाला बोलावत नाही. मला का बोलावता?”

रविवारच्या प्रार्थनेला, मिस्साला, मात्र तो न चुकता जाई. पुढच्या रांगेत बसे.

एका वर्षी त्याची बायको कासिल्दा तापाने अंथरुणाला खिळली. एकवीस दिवस ताप उतरेना. गावची सुईण नातालीबाय मुळ्या उगाळून थकली. शेवटी तीच बस्त्यावला म्हणाली, “माझं होतं तेवढं केलं रे बाबा. आता तू वर बघ.” बस्त्याव तसाच उठला, या क्रुसापुढे येऊन उभा राहिला आणि मोठ्याने नवस बोलला. ती उठली, तर इथे गावासाठी विहीर खणीन. माझ्या दोन हातांनी खणीन. दुसऱ्या कुणाचा हात टोपलीला लागणार नाही. लागला, तर नवस फुकट.

खारभाटच्या बायका तेव्हा पिण्याचे पाणी डोंगरीच्या झऱ्यावरून आणत. मैलभर जायचे आणि मैलभर यायचे. वाड्यांतल्या विहिरींचे पाणी केळींना चाले, पण डाळ शिजायची नाही. तेव्हा नवस गावाच्या सोयीचाच होता. पण चर्चचे ब्राझ पाद्री होते, त्यांनी तो ऐकला आणि चिमूटभर तपकीर ओढून म्हणाले, “विहीर चांगली. हात कशाला मध्ये घातलेस?”

तिसऱ्या दिवशी कासिल्दाचा ताप उतरला. महिन्याभरात ती चुलीपुढे बसू लागली. बस्त्यावने पहार उचलली.

एकट्याने विहीर खणायची म्हणजे काय, ते ज्याने खणली त्यालाच ठाऊक. खाली उतरून टोपली भरायची, शिडीने वर चढायचे, दोराने टोपली ओढायची, रिकामी करायची, पुन्हा उतरायचे. तेच काम चार माणसे दहा पट वेगाने करतात. बस्त्यावला दोन उन्हाळे लागले. कासिल्दा पेज घेऊन येई आणि काठावर बसून राही. एकदा तिने न राहवून दोराला हात घातला, तर तो खालून ओरडला.

“सोड! नवस मोडेल!”

“अहो, माझ्याच जिवाचा नवस ना?” ती म्हणाली. “मग माझ्या हाताचा कसला विटाळ?”

“तू फक्त बस.”

“म्हणजे मी जगले ती नुसती बसायला.” असे म्हणून ती पेजेची हंडी काठावर ठेवून निघून गेली म्हणे.

दुसऱ्या उन्हाळ्यात बारा हातांवर वाळू ओली लागली. सकाळपर्यंत वीतभर पाणी साचले. बस्त्यावने तांब्या भरून वर आणला. नातालीबायने घोट घेतला, तोंडात घोळवला आणि डोळे मिटले.

“गोडं आहे. थांब आता. इथंच थांब.”

“वीतभर पाण्याला कुणी विहीर म्हणतं, बाय?”

“पावसाळा झाला की वाढेल. आपल्याकडे खाऱ्या पाण्यावर गोडं पाणी सायीसारखं बसलेलं असतं, पोरा. साय काढताना पळी खोल घालतोस का?”

बस्त्याव हसला. दोन उन्हाळे घाम गाळून वीतभर पाणी गावापुढे ठेवायचे, हे त्याला कसेसेच वाटले. कधी न आटणारी विहीर द्यायची त्याची ईर्षा होती, आणि हात आणखी खाली पोचत असताना का थांबायचे, हे त्याला कळत नव्हते. तो आणखी खाली गेला. पंधरा हातांवर पाषाण लागला. शहाणा माणूस पाषाण लागला की देवाचे आभार मानून वर येतो. बस्त्यावने तीन दिवस पहार घातली आणि तो फोडला.

पाणी असे उसळले की शिडी गाठेपर्यंत ते त्याच्या छातीला लागले. तो वर आला तो थेट घंटेकडे धावला आणि स्वतःच घंटा वाजवली. बायका कळशा घेऊन आल्या. विहिरीत पुरुषभर पाणी चढले होते. बस्त्यावने पहिला तांब्या सगळ्यांसमोर कासिल्दाच्या हातात दिला.

तिने घोट घेतला. चेहरा हलला नाही. तिने तो गिळला.

“गोड आहे ना?” त्याने विचारले.

“तुम्ही प्या,” ती म्हणाली.

तो प्यायला. मीठ. निखळ खाडीचे पाणी. मग दुमिंग परेरा मागून म्हणाला, “वा, बस्त्याव! समुद्र थोडा लांब होता, तो तू चर्चपाशी आणलास!”

लोक हसले. पण हसू चार दिवसच टिकले. पाचव्या दिवशी दुमिंगच्या वाडीतल्या विहिरीचे पाणी मचूळ झाले. आठव्या दिवशी आणखी दोन वाड्यांचे. फुटलेल्या पाषाणातून खाडी आत शिरली होती. भरतीबरोबर विहिरीत पाणी चढे आणि ओहोटीबरोबर उतरे. केळीच्या पानांच्या कडा करपू लागल्या. पानवेलींनी माना टाकल्या. गावाला विहीर मिळाली नव्हतीच. होते ते पाणीही चालले होते. आता कुणी थट्टा करीत नव्हते. बस्त्याव रस्त्याने गेला की लोक बोलायचे थांबत.

बस्त्यावने ठरवले, चूक माझी, निस्तरणार मी. मातीत खणलेले भोक मातीने बुजवता येते. गावात बावखले होती, आजही काही आहेत. वाड्यांच्या मधली ही छोटी तळी पावसाचे पाणी धरून ठेवतात आणि त्यांच्या तळाला लोण्यासारखी चिकणमाती असते. ती आणायची आणि ओहोटीला पाणी उतरले की फोडलेल्या पाषाणावर थापायची. तो ओहोटीला उतरला, मातीच्या टोपल्या टाकल्या, पायांनी तुडवल्या. भरती आली आणि सगळे ढवळून वर घेऊन आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बस्त्याव सोलून निघाला. खांद्यांची साल गेली, पायांना खाऱ्या पाण्याने भेगा पडल्या.

हिशेब साधा होता आणि तो गावातल्या पोराटोरांनाही कळत होता. दोन भरत्यांच्या मध्ये विहीर जेमतेम सहा तास रिकामी मिळते. तेवढ्या वेळात शंभर-सव्वाशे टोपल्या माती पडून तुडवली गेली, तर भोक बंद होईल. एक माणूस सहा तासांत वीस टोपल्या टाकतो. बस्त्याव असेल तर तीस.

ब्राझ पाद्री काठावर येऊन बसले. बस्त्याव वर येऊन धापा टाकत होता.

“बोलाव लोकांना,” पाद्री म्हणाले.

“बोलावता येत नाही, फादर.”

“जीभ आहे की.”

तेव्हा बस्त्यावने पहिल्यांदा मनातले सांगितले. तो लाजत नव्हता, तो भ्यायला होता. दुसऱ्याचा हात टोपलीला लागला की नवस मोडणार. नवस मोडला की कासिल्दा जाणार. गावाच्या वाड्या वाचवू की बायकोचा जीव, असे त्याने विचारले आणि एवढा धिप्पाड माणूस क्रुसाच्या चौथऱ्यावर बसून रडला, असे सांगतात.

पाद्री त्याच्याजवळ चौथऱ्यावर येऊन बसले. मग म्हणाले, “देवाने तुझ्या हातांकडे बघून तिला जीव दिला, असं तुला वाटतं? तू आजवर देवाच्या पुढे पुढे चाललास, बस्त्याव. शिष्याने मागून चालायचं असतं. मागून चालणाऱ्याला रस्ता माहीत नसतो, तरी तो चालतो.”

“आणि ती गेली तर?”

एलियासमामा इथे थांबतात आणि पाहुण्यांकडे रोखून पाहतात. म्हणतात, “खोटं सांगून वेळ मारून नेणारा पाद्री नव्हता तो. त्याने तपकिरीची डबी उघडली आणि बंद केली.”

उत्तर कासिल्दाने दिले. ती बावखलावरून येत होती. डोक्यावर चिकणमातीची टोपली होती, लुगडे गुडघ्यापर्यंत खोचलेले, हातपाय चिखलाने भरलेले. बस्त्याव उठून आडवा आला.

“कासिल्दा, टाकू नको!”

“नवस माझ्या जिवाचा आहे,” ती म्हणाली. “मोडायचाच असेल तर मी मोडते. देवाला मला न्यायचं असलं तर तो तुमच्या टोपल्या मोजत बसणार नाही.” आणि तिने टोपली विहिरीत उलटी केली.

खाली चिखल पडल्याचा आवाज आला. बस्त्याव तिच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. ती पडली नाही. तिने पदराने कपाळ पुसले आणि रिकामी टोपली त्याच्या हातात दिली.

“मी माझी टाकली. बाकीच्या मागून आणा. उद्या अवसेची ओहोटी आहे, पाणी सगळ्यात खाली जाईल. उद्या झालं नाही तर वाड्या गेल्या.”

बस्त्याव निघाला. अनवाणी, उघड्या डोक्याने, हातात बायकोने दिलेली रिकामी टोपली. जन्मात त्याने कुणाच्या दारात काही मागितले नव्हते. पहिले दार दुमिंग परेराचे होते. दुमिंग ओट्यावर बसला होता. त्याच्या मागे करपलेली केळी उभी होती.

“काय पाहिजे?” दुमिंगने विचारले. त्याला ठाऊक नव्हते असे नाही.

बस्त्याव म्हणे इतका वेळ गप्प उभा राहिला की दुमिंगची बायको आतून पाहायला बाहेर आली. मग म्हणाला, “एक टोपली माती दे. माझ्याने होत नाही.”

“पुन्हा बोल.”

“माझ्याने होत नाही.”

दुमिंगने त्याला आणखी थोडे उभे केले. छप्पर उडाल्याचा दिवस तोही विसरला नव्हता. मग तो उठला, आत गेला आणि टोपल्यांची चळत घेऊन बाहेर आला. “एकच कशाला मागतोस रे? घरात सहा माणसं आहेत. मागायचं तरी धड माग!”

दिवे लागायच्या आत बस्त्यावने गावातली सगळी दारे केली. प्रत्येक दारात तीच दोन वाक्ये बोलला आणि शेवटच्या दारापर्यंत ती बोलताना त्याची मान ताठ झाली होती, असे एलियासमामा अभिमानाने सांगतात. लाचार माणसाची मान मागताना खाली जाते. आपल्या माणसांत मागणाऱ्याची वर येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी लागली तशी घंटा वाजली. बावखलापासून विहिरीपर्यंत माणसांची रांग उभी राहिली. बाया, पुरुष, म्हातारी माणसे. कोळीवाड्यातले लोक मासेमारी सोडून आले. त्यांच्या वाड्या नव्हत्या, त्यांच्याकडे कुणी मागितलेही नव्हते, म्हणून त्यांनी भांडण काढले. “आमचं दार गावात धरत नाही का?” असे त्यांचे म्हातारे विचारू लागले. बस्त्यावला रांग सोडून त्यांच्यापुढे जाऊन मागावे लागले, तेव्हा ते रांगेत उभे राहिले. टोपल्या हातोहात पुढे सरकल्या. खाली उतरून तुडवायला बस्त्याव आणि दुमिंग. ब्राझ पाद्री रांगेच्या मधोमध, झगा कमरेला खोचून. नातालीबाय काठावर बसून आरडाओरडा करीत होती, “कडेला दाबा रे! कडेला! मधे काय नाचताय?”

माती पंधरा हातांवरून चौदांवर आली, मग तेरांवर. पाणी वळले तेव्हा वर डोंगरीचा लाल मुरूम पसरून झाला होता. बस्त्याव आणि दुमिंग वर आले. सगळा गाव काठावर उभा राहून पाहत होता. भरती कुंपणाला लागली. विहीर कोरडी राहिली. भरती भरली, ओसरली. विहीर कोरडीच. तेव्हा कुणीतरी क्रुसापुढे प्रार्थना सुरू केली आणि सगळ्यांनी चिखलातच गुडघे टेकले.

पहिला पाऊस सरल्यावर मुरमावर वीतभर पाणी आले. पावसाळ्याच्या शेवटी ते दोन पुरुष झाले. तांब्या नातालीबायच्या हातात दिला. तिने घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले आणि म्हणाली, “मी काय सांगत होते?” वाड्यांचे पाणीही हळूहळू सुधारले. दुमिंगची केळी त्या वर्षी गेलीच, पण पुढच्या वर्षी बस्त्यावने त्याची वाडी लावून दिली. गावातल्या सावडीच्या रांगेत त्यानंतर बस्त्याव कधी चुकला नाही.

आणि कासिल्दा? तो प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो. नवस मोडला, आणि तिने स्वतःच्या हाताने मोडला. एलियासमामा या प्रश्नाची वाटच पाहत असतात. “बस्त्यावला मूठमाती देऊन ती आणखी अकरा वर्षं जगली,” ते सांगतात. “जाताना तोंडात सात दात होते आणि त्यांनी ती सुपारी फोडत होती.”

एका बिल्डरने अलीकडे गावाला निरोप पाठवला, की आम्ही तळाला काँक्रीट टाकून देतो. एकदाच खर्च, दर मे महिन्यात मुरूम टाकायची कटकट कायमची संपेल, आणि वर आमच्या नावाची छोटीशी पाटी. सभेत त्याचा माणूस नकाशा घेऊन आला होता. गावाने त्याला पाणी पाजले आणि सांगितले, साहेबांना म्हणावं, मे महिन्यात अनवाणी या आणि एक टोपली घेऊन या. साहेब आले नाहीत. काँक्रीट त्यांच्याच इमारतीत जिरले. फाटकापुढे टँकर उभा आहे.

आजही मे महिन्यात क्रुसाच्या सणाच्या आदल्या रविवारी, मिस्सा संपल्यावर, खारभाटच्या चर्चमध्ये एक नाव पुकारतात. त्या वर्षी गावात ज्याचे सगळ्यात बरे चालले असेल, त्याचे नाव. कधी नवा ट्रॉलर घेतलेला, कधी परदेशातून परतलेला, गेल्या वर्षी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात हृदयाच्या शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर फिलोमेना मिनेझिस. त्या वर्षीचा तो ‘मागणारा’. विहिरीतला वर्षाचा गाळ उपसून झालेला असतो. डोंगरीचा मुरूम सात पाण्यांनी धुऊन प्रत्येक घराने आपल्या ओट्यावर टोपली भरून ठेवलेली असते, ती रस्त्यावरून दिसते. तरीही कुणी ती आपणहून टाकत नाही. मागणाऱ्याने अनवाणी पायांनी, रिकामी टोपली घेऊन दारात यायचे. घरच्याने विचारायचे, “काय पाहिजे?” आणि मागणाऱ्याने म्हणायचे, “एक टोपली द्या. माझ्याने होत नाही.”

पहिले दार अजूनही परेरांचे. डॉक्टरबाईंचा आवाज तिथे फुटला नाही, तेव्हा परेरांची सून खांबाला टेकून म्हणाली, “सावकाश होऊ द्या, डॉक्टर. आमच्याकडे सगळ्यांचाच इथे अडतो.” आजही शेवटचे दार कोळीवाड्यातले असते, आणि तिथे मागायला उशीर झाला तर आजही भांडण होते. आणि सगळी दारे झाल्यावर, घंटा वाजल्यावर, विहिरीत पडणारी पहिली टोपली आजही बस्त्याव रुमावच्या घरातल्या बाईच्याच हातची असते.